दृष्टीचे बेट आणि त्याची मोजणी

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे सख्ख्या भावांसारखी वाटतात, पण दोघांच्या वागण्यात फार अंतर आहे. मोतीबिंदू पुढल्या दाराने येतो. दृष्टी धूसर होते, माणूस कुरकुर करू लागतो, घरची माणसे त्याला दवाखान्यात नेतात, शस्त्रक्रिया होते आणि पुन्हा दिसू लागते. काचबिंदू मात्र मागल्या दाराने शिरतो. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी जी नस आहे तिच्यात सुमारे दहा ते बारा लाख बारीक तंतू असतात. ते एकेक करून सुकत जातात. बहुधा डोळ्यातील दाब वाढल्यामुळे असे होते, पण कित्येकांच्या बाबतीत दाब बेताचा असूनही होते. समोरचे अक्षर मात्र पुष्कळ दिवस स्वच्छ वाचता येते. जाते ती कडेकडेची नजर, आणि एकदा गेलेली ती परत येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, नजर जाते आणि माणसाला कळत नाही हे कसं? त्याचे उत्तर तुमच्या स्वतःच्या डोळ्यांतच आहे. डावा डोळा झाका. दोन्ही हात समोर ताठ धरून अंगठे शेजारी शेजारी उभे करा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडेच टक लावून पाहा आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. वीतभराच्या आत एका ठिकाणी त्या अंगठ्याचे टोक नाहीसे होईल. नस जेथून डोळ्याबाहेर पडते तेथे प्रकाश टिपणारे पटलच नाही, म्हणून हा अंधबिंदू. फ्रान्सच्या एद्म मारिओत याने तो १६६८ साली जगापुढे मांडला. तोवर हजारो वर्षे माणसे हे भोक डोळ्यात घेऊन वावरत होती आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता! मेंदू त्या जागी काळा डाग दाखवीत नाही. आजूबाजूचे ठिगळ लावून मोकळा होतो. काचबिंदूने पडलेली भोकेही तो अशीच बुजवतो. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरताना एखाद्याला बाजूचा खुंट दिसत नाही, तो ठेचकाळतो, आणि "वय झालं" म्हणून पुढे चालू लागतो. दक्षिण भारतात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ज्या मोठ्या पाहण्या झाल्या त्यांत काचबिंदू सापडलेल्या दर दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक लोकांना आपल्याला हा रोग आहे हे ठाऊकच नव्हते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे चाळिशी ओलांडलेल्या सुमारे १ कोटी १२ लाख भारतीयांना हा रोग होता.

तेव्हा हा चोर पकडावयाचा कसा? डोळ्याचा दाब मोजता येतो. नसेचे टोक आतून पाहता येते. त्यासाठीचे उपकरण हेल्महोल्ट्झने १८५१ साली काढले. आणि तिसरा उपाय म्हणजे रोग्याला कोठपर्यंत दिसते त्याचा नकाशा काढणे. पहिल्या दोन गोष्टींत रोग्याने नुसते बसून राहावयाचे असते. तिसरीत मात्र साक्षीदार एकच, तो म्हणजे खुद्द रोगी. तो सांगेल ते खरे. आणि एकट्या साक्षीदाराच्या साक्षीवर किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न गेली दीडशेहून अधिक वर्षे नेत्रवैद्यांना छळतो आहे. त्या छळाचीच हकिकत मला सांगावयाची आहे.

नजरेच्या क्षेत्राची मापे इंग्लंडच्या टॉमस यंगने १८०१ साली दिली होती, पण ती एका निरोगी माणसाची, कुतूहलाने घेतलेली मापे होती. रोग्याच्या कामी ती प्रथम आणली बर्लिनच्या आल्ब्रेख्त फोन ग्रेफे याने, १८५६ साली. पुढच्याच वर्षी ब्रेस्लाऊ गावी औबर्ट आणि फ्योर्स्टर यांनी धनुष्यासारखी कमान वापरून कडेची नजर मोजली. कमानीच्या मध्याकडे रोग्याने पाहावयाचे आणि वैद्याने कडेने खूण आत सरकवीत आणावयाची. "दिसली" म्हटले की आकडा टिपावयाचा. याच सुमारास आपल्या मुंबईतही डोळ्यांच्या वैद्यकाला स्वतःचे घर मिळाले. जे. जे. रुग्णालयाच्या आवारातील सर कावसजी जहांगीर नेत्ररुग्णालय १८६६ सालचे. त्याच्या पुढल्याच वर्षी खांदेरीच्या बेटावर दीपगृह उभे राहिले. पण तो वेगळा विषय.

कमानीची युक्ती चांगली होती, पण ती भलत्या ठिकाणी शोधीत होती. काचबिंदूची पहिली पडझड बहुधा अगदी कडेला न होता मध्यापासून तीस अंशांच्या आत होते, आणि कमानीवर तो भाग चिमूटभर जागेत मावतो. हे ध्यानात आले कोपनहेगनच्या यानिक ब्येरुमच्या. आणि त्याने केले काय, तर आपल्या तपासणीच्या खोलीच्या दाराची मागची बाजू वापरली! रोग्याला अंतरावर बसवले आणि दारावर बारीक पांढरा ठिपका फिरवून तो कोठे दिसतो, कोठे नाहीसा होतो हे पाहिले. अंतर वाढल्याने नकाशा मोठा झाला. मोठा ठिपका रोग्याला सगळीकडे दिसे. बारीक ठिपका मात्र अंधबिंदूपासून निघून वर किंवा खाली वळत जाणाऱ्या कोयतीसारख्या पट्ट्यात हरवे. १८८९ साली त्याने हे प्रसिद्ध केले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठी पायरी हीच. पुढे कितीही यंत्रे आली तरी दाराच्या पाठीमागून मिळालेला धडा बदलला नाही: ढोबळ प्रश्नाला ढोबळच उत्तर मिळते, प्रश्न नाजूक करावा तेव्हा रोग बोलू लागतो. मात्र प्रश्न नाजूक झाला की उत्तरही डळमळते. जो ठिपका जेमतेम दिसतो त्याबद्दल माणूस आज "दिसला" म्हणेल, उद्या "नाही" म्हणेल. अचूकपणा आणि डळमळीतपणा असे जोडीनेच घरात आले.

एडिंबरोच्या हॅरी ट्रॅक्वेअरने १९२७ साली या विषयावर पुस्तक लिहिले आणि दृष्टिक्षेत्राला एक रूपक दिले, ते आजही प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. आंधळेपणाच्या समुद्रात उभे असलेले दृष्टीचे बेट, असे ते रूपक. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला ते समजावून सांगण्याची गरजच नाही. खांदेरी डोळ्यांपुढे आणा. मधला उंचवटा म्हणजे नजरेचा केंद्रबिंदू, तेथे सर्वांत मंद प्रकाशही दिसतो. तेथून उतरत उतरत कडेला आलात की झगझगीत प्रकाशच काय तो दिसतो, आणि पुढे पाणी. अंधबिंदू म्हणजे बेटावर कानाच्या बाजूला खणलेली एक खोल विहीर. काचबिंदूत काय होते? समुद्र एका बाजूने आत घुसतो. एखादी चिंचोळी खाडी त्या विहिरीजवळून वळत जाते, वाढते, बेटाचा लचका तोडते. शेवटी उरतो तो मधला सुळका आणि कधी बाजूला एखादा खडक.

पण ट्रॅक्वेअरच्या बेटाला भरती-ओहोटी आहे, हे मात्र इथल्या माणसाने त्याला सांगावयास हवे होते! अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. भरतीला होडी लागते. किल्ला तोच, किनारा तोच. एका भरतीला पाणी वर आलेले पाहून "किनारा खचला" अशी बोंब कुणी ठोकत नाही, आणि एका ओहोटीला वाळू उघडी पडली म्हणून समुद्र हटला असेही कुणी मानत नाही. किनारा खरोखर धुपतो आहे की नाही हे ठरवावयास पुष्कळ दिवस, एकाच खुणेपासून, एकाच रीतीने पाहावे लागते. दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा सारा घोळ एवढ्या एका गोष्टीत आहे. कागदावर आलेला फरक ही धूप आहे की भरती?

पहिला संशय अर्थातच तपासणाऱ्यावर गेला. हात बदलला की नकाशा बदले. खोलीतला उजेड कमीजास्त झाला तरी बदले. स्वित्झर्लंडच्या हान्स गोल्डमनने १९४५ साली अर्ध्या गोळ्यासारखे पांढरे भांडे केले, त्यातील उजेड बांधून दिला, ठिपक्याचे आकार आणि तेज ठरवून टाकले. आता निदान प्रश्न तरी सगळ्यांना सारखा विचारला जाऊ लागला. पुढे १९७०च्या दशकात बर्नला फ्रान्ट्स फांकहाउझरने आणि स्वीडनमध्ये आंडर्स हाइल व क्राकाऊ यांनी तपासणाऱ्याचा हातच काढून घेतला आणि संगणकाला कामाला लावले. १९८०च्या दशकात आलेले हम्फ्री नावाचे यंत्र आज आपल्याकडील मोठ्या नेत्ररुग्णालयांत पाहावयास मिळते.

ज्यांनी ही तपासणी केली आहे त्यांना ती आठवत असेलच. एक डोळा झाकलेला, हनुवटी टेकलेली, समोर पांढरा घुमट, मध्ये एक स्थिर दिवा आणि हातात बटण. इकडे तिकडे ठिपके चमकतात. दिसला की दाबा. नेहमीच्या प्रकारात चोपन्न ठिकाणे तपासली जातात. हा प्रकार लोकांना अजिबात आवडत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया परवडली, पण ते टिकटिक यंत्र नको, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आणि त्याचे कारण बहुतेकांना कुणी सांगितलेलेच नसते. यंत्र शोधत असते दृष्टीचा उंबरठा, म्हणजे निम्म्या वेळा दिसेल आणि निम्म्या वेळा हुकेल असा प्रकाश. तुम्हाला ठिपका दिसला की यंत्र पुढचा अधिक मंद करते. हुकला की तेजस्वी करते. म्हणजे डोळा कितीही धडधाकट असला तरी पुष्कळसे ठिपके हुकणारच. तपासणीची रचनाच तशी आहे. पण रोग्याला वाटते आपण नापास होतो आहोत. मग तो घाबरतो, न दिसताच बटण दाबू लागतो, किंवा ठिपक्यांच्या मागे डोळे फिरवू लागतो. दोन वाक्यांचे स्पष्टीकरण आधी दिले असते तर अर्धा गोंधळ टळला असता.

यंत्र करणारेही खुळे नव्हते. साक्षीदाराची उलटतपासणी त्यांनी यंत्रातच बसवली. हाइल आणि क्राकाऊ यांची युक्ती तर मोठी मजेदार. मारिओतचा तो अंधबिंदू त्यांनी कामाला जुंपला. अधूनमधून यंत्र मुद्दाम अंधबिंदूवर ठिपका टाकते. नजर मध्यावर स्थिर असेल तर तो दिसणे शक्यच नाही. तुम्ही बटण दाबलेत की समजावे, डोळा हलला. दुसरी उलटतपासणी अशी की यंत्र ठिपका दाखविण्याचे नुसते सोंग करते. तरीही दाबलेत तर तुमचे बटण फार चुरचुरीत आहे. तिसरी अशी की जेथे मंद ठिपका तुम्हाला मघाशी दिसला होता तेथेच झगझगीत ठिपका टाकावयाचा. तो दिसला नाही तर तुमचे लक्ष उडाले आहे किंवा डुलकी लागली आहे. पहिल्या प्रकारात शंभरी वीस आणि बाकीच्या दोहोंत शंभरी तेहतीस चुका ही मर्यादा ठरवून दिली गेली. तिच्यापलीकडे गेलात की कागदावर "अविश्वसनीय" असा शिक्का.

येथे मला थोडे थांबावयाचे आहे, कारण या शिक्क्याने जितके भले केले तितकाच गैरसमजही पसरवला. पुढील संशोधनात असे दिसून आले की तिसऱ्या प्रकारच्या चुका, म्हणजे तेजस्वी ठिपकाही हुकणे, या केवळ आळसाने होत नाहीत. नसेची जेथे बरीच हानी झालेली आहे तेथे दिसण्या-न दिसण्याचा खेळच मोठा असतो. एकाच जागी एकदा दिसते, एकदा नाही. म्हणजे सर्वांत आजारी डोळा सर्वांत "अविश्वसनीय" ठरतो! असे कागद केराच्या टोपलीत टाकणे म्हणजे ज्याची तक्रार खरी त्यालाच कोर्टाबाहेर काढणे. अंधबिंदूवरील चुकांचेही तसेच. तपासणी सुरू होताना रोग्याची मान जरा कलली असेल आणि यंत्राने अंधबिंदू चुकीच्या जागी धरला असेल, तर बिचारा स्थिर पाहत असूनही दोषी ठरतो. याउलट दुसरा प्रकार, न दिसता बटण दाबण्याचा, खरा घातक. त्याने नकाशा वाजवीपेक्षा पांढरा शुभ्र निघतो, खाड्या बुजतात, आणि रोग असूनही झाकला जातो. रोग्याला वाटते, सुधारणा झाली. थेंब बंद होतात. येथे तेहतीस टक्क्यांची सवलत फारच उदार होती. अलीकडे पंधरा टक्क्यांपलीकडे गेले तरी जाणती माणसे सावध होतात.

याखेरीज शिक्क्यात न दिसणाऱ्या चुका वेगळ्याच. वरची पापणी ओघळली की नकाशाचा माथा काळा होतो. चष्म्याचे भिंग दूर बसवले की त्याच्या कडेची सावली कडेने उमटते. मोतीबिंदू असला तर सारे बेटच खाली बसते. आणि रोगी थकून मध्येच बटण सोडून बसला की चार पाकळ्यांच्या फुलासारखी आकृती निघते, कारण यंत्र प्रत्येक चतुर्थांशातील एकेका ठिकाणापासून सुरुवात करते आणि तेवढीच ठिकाणे शाबूत राहतात. हे वाचण्यासाठी डोळस माणूसच लागतो, नुसता शिक्का पाहून भागत नाही.

शिक्का चांगला असला तरी काय, याचा निकाल अमेरिकेत लागला. तेथे १९९४ पासून डोळ्याचा दाब वाढलेल्या पण नजर शाबूत असलेल्या १,६३६ लोकांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यांच्या दृष्टिक्षेत्रात काही बिघाड निघाला की तपासणी पुन्हा करावयाची असा नियम होता. २००० साली हिशेब प्रसिद्ध झाला. बिघाड दाखवणारे आणि "विश्वसनीय" शिक्क्याचे जे पहिले कागद होते, त्यांतील शंभरी सुमारे ८६ पुढल्या तपासणीत खोटे ठरले. ८६! म्हणजे एकाच कागदावर विसंबून औषध चढविले असते तर सातांपैकी सहा वेळा भरतीलाच धूप समजून बांध घातला गेला असता. हे निरोगीपणाच्या सीमेवरील लोकांचे प्रमाण आहे, सर्वांना सरसकट लावू नये. पण आकडा डोळे उघडणारा खरा.

हा प्रश्न डोळ्यांपुरताच आहे असे मात्र नाही. याच किनाऱ्यावर तो एकदा फार सुरेख सोडवला गेला आहे. मुंबईच्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापे घेतली जात. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले आणि त्यांच्या प्रवाहाने ही नाजूक मापे बिघडणार हे उघड झाले. तेव्हाचे संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी जागा शोधली अलिबागला. म्हणजे मुंबईच्या कुलाब्यातून कुलाबा जिल्ह्यात. १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले. लोखंडाचा स्पर्श नाही, पोरबंदरी दगडाची इमारत. पण मूस यांची खरी शहाणीव पुढेच आहे. १९०४ साली अलिबागचे काम सुरू झाले तरी कुलाब्याचे त्यांनी बंद केले नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षे, दोन्हीकडे एकाच वेळी मापे घेतली. का? तर जागा आणि उपकरणे बदलल्याने पडणारा फरक कोणता आणि पृथ्वीत होणारा फरक कोणता, हे वेगळे काढता यावे म्हणून. त्यामुळे ती मापांची माळ तुटली नाही.

रोग्याच्या बाबतीत हे आम्ही करतो का? आज मुंबईत एका यंत्रावर, सहा महिन्यांनी पनवेलला दुसऱ्यावर, वर्षाने तिसरीकडे निराळ्या, झटपट पद्धतीने. जुने कागद घरी ट्रंकेत. तीन कागदांत फरक निघाला तर तो डोळ्याचा की यंत्राचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. यंत्र बदलावेच लागले तर थोडे दिवस दोन्हींचा मेळ घालून पाहावा आणि नव्याने पायाचे कागद काढावेत. आणि जुने कागद जपावेत, बरं का, सातबाऱ्याइतके जपावेत.

पायाचे कागद म्हणजे तरी कोणते? पहिली तपासणी शिकाऊ समजावी. बटणाची सवय होण्यातच ती संपते, आणि दुसरीत पुष्कळदा "सुधारणा" दिसते ती रोगातली नव्हे, सरावातली. २००८ साली बल्वंतराय चौहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब करून सांगितले की झपाट्याने वाढणारा रोग वेळीच ओळखावयाचा तर पहिल्या दोन वर्षांत सहा तपासण्या हव्यात. सहा! श्रीवर्धनच्या किंवा मुरूडच्या माणसाला प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे, सोबत एक माणूस, आणि पावसाळ्यात मांडव्याच्या लाँचही बंद. डॉक्टरांनी सांगणे सोपे आहे. तरीही मी म्हणेन की दोन वर्षांतल्या या खेपा पुढच्या वीस वर्षांच्या नजरेचा पाया आहेत, आणि त्या कमी करावयाच्याच झाल्या तर ते डॉक्टरांशी बोलून, दाब आणि नसेची स्थिती पाहून ठरवावे. आपण होऊन खाडे करू नयेत. १९९७ पासून आलेल्या नव्या गणिती पद्धतीने एका डोळ्याला लागणारा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला आहे, हा एक दिलासा.

खेड्यातील माणसाला हे जमणार नाही, असे म्हणणारेही भेटतात. विदर्भात २००६ ते २००९ या काळात नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढील ४,७११ लोकांची डोळ्यांची बारकाईने पाहणी झाली. तीत शेतकरी आणि शेतमजूरच अधिक होते, आणि दृष्टिक्षेत्राची तपासणीही होती. अडचण माणसाच्या शिक्षणाची थोडी आणि त्याला नीट न सांगण्याची फार, असे माझे मत आहे.

आता साहजिकच कुणी विचारील, साक्षीदारच नको अशी सोय नाही का? आहे. १९९१ पासून प्रकाशाच्या किरणांनी पटलातील तंतूंच्या थराची जाडी मोजता येऊ लागली. रोग्याने बटण दाबावयाचे नाही, काही बोलावयाचे नाही. सुरुवातीच्या काचबिंदूत ही तपासणी फार उपयोगी, कारण नसेतील चौथा हिस्सा किंवा अधिक तंतू गेल्यावरच दृष्टिक्षेत्रात ठळक बिघाड उमटतो. पण रोग वाढला की हा थर एका मर्यादेपर्यंत पातळ होऊन थांबतो. त्याखाली आकडा उतरतच नाही, कारण उरलेली जाडी तंतूंची नसून इतर पेशींची आणि शिरांची असते. नजर मात्र तेव्हाही कमी होत असते. ज्याचे बेट जवळजवळ बुडाले आहे, मधला सुळकाच तेवढा उरला आहे, त्याला पुन्हा त्या पांढऱ्या घुमटापुढेच बसावे लागते. त्याच्यासाठी वेगळी तपासणी आहे. मध्यापासून दहा अंशांत अडुसष्ट ठिपके, दोन दोन अंशांवर, अगदी दाट. त्या माणसाने बटण दाबावयाचे, आणि जवळ बसलेल्याने घाई करावयाची नाही.